तिसऱ्या पाळणाघराचा अहवाल

सोमवार, ६ मे

चि. मुलीस,

पत्र तुझ्या बापाचंच आहे. लगेच फाडू नकोस, आधी कामाचं वाचून घे आणि मग फाड.

तू माझा फोन उचलत नाहीस हे गेल्या दोन वर्षांत माझ्या अंगवळणी पडलंय. पण तुझी आई पाय प्लास्टरमध्ये घालून बसली आहे. (पंखा पुसायला स्टुलावर चढली. मी 'चढू नकोस' म्हणालो म्हणूनच चढली.) इथल्या प्रयोगशाळेतली तुझी नवी नोकरी तीन जूनला सुरू, हो की नाही ते वीस मेपर्यंत कळवायचं, जावईबापू सहा महिने बोटीवर. म्हणजे इथे येऊन राहायचं तर तुझ्या पोरीला, गट्टूला, पाळणाघर हवं, आणि ते बघायला चालतं माणूस घरात एकच, ते म्हणजे मी. आईने तुला फोनवर सांगितलं म्हणे, "चौतीस वर्षं बसगाड्या पास-नापास केल्या, एक पाळणाघर नाही बघता येणार?" आणि तू म्हणालीस, "बघू देत. पण लेखी द्या म्हणावं. आणि खरं काय ते लिहा म्हणावं."

हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. आगारात एवढी वर्षं काढली, एकाही गाडीवर खोटी सही केली नाही. कुणालाही विचार.

"गट्टूला आईच्या गळ्यात टाकणार नाही, तिला पुन्हा घरात अडकवायचं नाही," असंही तू म्हणालीस असं कळलं. त्यातलं 'पुन्हा' मला समजलं नाही. असो, सोडून देतो.

माझी पद्धत तुला माहीत आहे. न सांगता जायचं, रंग बघायचा नाही, आधी वाकून खालून बघायचं. आज पहिलं पाळणाघर पाहिलं. तिसरा मजला. दारावर ससे, हत्ती, फुलपाखरं, सगळं जंगल रंगवलेलं. आत टीव्ही, आणि टीव्हीसमोर अकरा मुलं ओळीत, जणू गाडीची वाट बघत बसलेले प्रवासी. एकही रडत नव्हतं, एकही हसत नव्हतं. बाई म्हणाल्या, "बघा, किती शांत असतात आमची मुलं!" मी म्हटलं, "बाई, इंजिन इतकं शांत असलं की आम्ही ते बंद पडलंय असं समजतो." त्यांना ते लागलं. मग मी गॅलरीत गेलो आणि कठड्याच्या दोन गजांमधून माझा गुडघा आरपार घालून दाखवला. घालताना सहज गेला, निघता निघेना. अकराच्या अकरा मुलं टीव्ही सोडून मला बघायला आली आणि पहिल्यांदा हसली.

नापास. गुडघ्याला तेल लावलंय, काळजी नसावी.

तुझा,
बाबा


शुक्रवार, १० मे

चि. मुलीस,

पहिलं पत्र तू वाचलंस आणि गुडघ्याच्या जागी हसलीस असं आईकडून कळलं. 'हसली' एवढंच ती म्हणाली, पुढचं काही सांगेना. माझ्याविषयी काही विचारलंस का, हे मीही विचारलं नाही.

दुसरं पाळणाघर भारीतलं निघालं. काचेचं दार, थंडगार हवा, टेबलामागे कोट घातलेली मुलगी. मी नातीसाठी आलोय म्हटल्यावर तिने मला चकचकीत पुस्तिका दिली. त्यात दीड वर्षाच्या मुलांचं वेळापत्रक! दहा वीस ते दहा चाळीस, मुक्त खेळ. दहा चाळीस ते अकरा, भावनांची ओळख. मी विचारलं, "आणि एखाद्याला दहा पस्तीसलाच भावना झाली तर?" ती म्हणाली, "सर, आम्ही त्याला हळुवारपणे वेळापत्रकात आणतो."

तरी मी मन मोठं ठेवलं. जागा स्वच्छ होती, खेळणी धुतलेली होती. खोटं कशाला बोलू? मग मागचं दार बघायला गेलो. आग लागली, धूर झाला, तर मुलांना त्याच दाराने काढायचं. दाराला कुलूप. किल्ली कुठे? रखवालदाराकडे. रखवालदार कुठे? चहाला.

आता पुढचं तुला आईने सांगितलंच असेल, पण तिने तिखटमीठ लावलं असणार म्हणून मूळ हकिकत लिहितो. नापास गाडीच्या तोंडावर पिवळ्या खडूने मोठी फुली मारायची, ही आमच्या आगारातली रीत. फुली मारलेली गाडी कुणी बाहेर काढायची नाही, मोठ्या साहेबांनीसुद्धा नाही. खिशात खडू ठेवायची माझी सवय अजून सुटलेली नाही. बाहेर पडताना हात आपोआप गेला, आणि काचेच्या दारावर मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारून मोकळा झालो. तेवढ्यात दोन आया मुलांना घ्यायला आल्या. "फुली कसली?" त्यांनी मला विचारलं, मी कारण सांगितलं. मग आतून कोट घातलेली मुलगी आली, तिच्या मागून तिचे साहेब आले, आणि अशी काही जुंपली म्हणतेस! शेवटी त्या दोघी आया माझ्या बाजूने भांडत होत्या आणि मी बाजूला उभा राहून माझा सदरा झटकत होतो. कुलूप त्याच संध्याकाळी निघालं, मी लांबून बघून आलो.

आई इतकी हसली की प्लास्टर हललं. डॉक्टरला दाखवावं लागलं.

गट्टूचा नवा फोटो आईने मला दाखवला. डोक्यावर पातेलं घातलेली. चांगला आहे.

बाबा


बुधवार, १५ मे

चि. मुलीस,

तिसरं पाळणाघर पाहिलं. काल पूर्ण दिवस, सकाळी नऊ ते दुपारी चार.

जागा अपुरी. उजेड बेताचा. चालवणारी बाई उद्धट, मोठ्या माणसाला बसायला खुर्ची देत नाही, जमिनीवर बसवते. न्हाणीघर तपासायचं राहिलं, कारण एक टिल्लू माझ्या मांडीवर झोपला होता आणि मला उठता येईना. पण ते वाईटच असणार.

नापास.

गावात चौथं पाळणाघर नाही. तेव्हा मी एक सुचवतो. तू आईला अडकवायचं नाही म्हणतेस, ते मान्य. मी तर रिकामाच आहे. गट्टूला मी सांभाळीन. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जुन्या चादरीचे बोळे बांधलेत, जिन्याला फळी ठोकलीय, औषधं वरच्या फडताळात गेली आहेत. दूध गरम करायला शिकलो. साय येते ती काढायची की ठेवायची, तेवढं कळव.

वीस तारीख जवळ आली आहे. विचार कर.

बाबा


शनिवार, १८ मे

बाळ,

हे पत्र बसून वाच.

काल तू आईला म्हणालीस, "बाबांच्या हवाली मी पोरगी करणार नाही. मी कामावर असताना तिच्या कानावर काय काय पडेल ते मला माहीत आहे. सोमवारी नोकरीला नाही कळवते, राहते इथेच." आईने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "तिसरं पाळणाघर खरंच वाईट होतं?" मी म्हटलं, "लिहिलंय ना." ती म्हणाली, "मग तीन दिवस रोज सकाळी कुठे जाता?" मी म्हटलं, "तिथे छत्री विसरलोय." ती म्हणाली, "आकाशात ढग नाही, आणि छत्री तुमच्या पाठीमागे खुंटीला आहे."

मी तिथून उठलो, वर्तमानपत्रात तोंड घातलं. आज सकाळी घरचा फोन वाजला तो आईने घेतला. तिसऱ्या पाळणाघराच्या ताईंचा फोन होता. "आजोबा आज येणार का हो? मुलं दाराशी बसली आहेत, बस सुटत नाहीये त्यांची." आईने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि म्हणाली, "उद्धट बाई फार गोड बोलते हो."

पोरी, मी खोटा अहवाल दिला.

आईने लगेच तुला फोन करून एवढंच सांगितलं ना, की सोमवारी नाही म्हणू नकोस, आठवडाभर मुदत मागून घे आणि पत्राची वाट बघ? बाकीचं तिने मुद्दामच सांगितलं नाही. "तुम्ही लिहिलंत, तुम्हीच खोडा," म्हणाली.

तर खोडतो. घर तळमजल्यावर आहे, मागे अंगण, अंगणाला भिंत. उजेड भरपूर. ताई आधी इस्पितळात परिचारिका होत्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. बारा मुलं, सांभाळणाऱ्या तिघी. मोठ्या माणसांना खुर्ची नाही हे खरं, पण ते का ते विचारलं तर म्हणाल्या, "खुर्चीवरून मूल दिसत नाही आजोबा, मुलाची टाळूच दिसते. खाली बसा." गुडघे कुरकुरले, पण बसलो. आणि खरंच, खालून सगळं दिसलं. एका मुलीने दुसरीच्या दंडाला चावा घेतला. कुणी आरडाओरडा केला नाही. एकीने चावा धुतला, दुसरी चावणारीला कुशीत घेऊन बसली, आणि चारला न्यायला आलेल्या दोघींच्या आयांना ताईंनी स्वतः सांगितलं, काही न लपवता. एक पोरगं नुकतंच येऊ लागलेलं, सारखं रडत होतं. त्याच्या आईची ओढणी त्याच्याजवळ ठेवली होती. "रडणं थांबवायची घाई करायची नाही, त्याला कारण आहे," ताई म्हणाल्या.

न्हाणीघर मी पाहिलं होतं. माझ्या घरच्यापेक्षा स्वच्छ आहे.

मी विचारलं, "तुमच्याकडे खोट काय?" त्या पटकन म्हणाल्या, "दुपारी झोपायच्या खोलीत उकडतं, दुसरा पंखा लावायचाय. गेल्या महिन्यात चौघांना पुरळ आलं, तीन दिवस बंद ठेवलं, आया चिडल्या माझ्यावर. आणि मी रागीट आहे." जो ड्रायव्हर गाडीत काहीच दोष नाही म्हणतो, त्याची गाडी मी नेहमी दोनदा तपासायचो. या बाईंची एकदाच तपासली आणि तिथेच बसून राहिलो. मुलांना ओळीत बसवून बस केली, घंटी मारली, "पुढे सरका, पुढे सरका" केलं. रोज जायला लागलो. तुझी पोर इथे आनंदात राहील हे मला पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळीच कळलं होतं.

म्हणूनच नापास केलं. ती तिथे रमली तर मला कोण विचारणार? दीड वर्ष तिला फोटोत बघतोय, तेही तुझ्या आईच्या फोनवर, ती देईल तेव्हा. मला ती घरात हवी होती. त्यापायी तुझी नोकरी आणि तुमचं येणं, दोन्ही घालवायला निघालो होतो.

अजून एक आहे. तेही लिहितो.

हा माझा पहिला खोटा अहवाल नव्हे. तू चौदा महिन्यांची असताना आई टेलिफोन कचेरीत कामाला होती. तिला ते काम फार आवडायचं. तेव्हा बाजाराच्या मागे एक पाळणाघर होतं. ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या गाड्या तपासता, एकदा बघून या." मी बघून आलो. चांगलं होतं. मी घरी येऊन सांगितलं, अंधार आहे, ओल आहे, बाई मुलांवर हात उगारते. आईने राजीनामा दिला. आगारातले लोक 'बायको कमावते आणि पोर परक्यांकडे' म्हणतील, एवढीच माझी भीती. दोन वर्षांपूर्वी तुला नुकतेच दिवस गेले असताना तू नोकरी सोडणार नाही म्हणालीस, तेव्हा मी जे बोललो, "परक्यांच्या हाती द्यायचं तर मूल कशाला होऊ देता," ते त्याच भीतीतून आलं होतं. ते वाईट बोललो. चुकलो. तुझी माफी मागतो, आणि मागायला दोन वर्षं लावली त्याचीही मागतो.

हे जुनं आज सकाळी मी आईलाही सांगितलं. तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. वाटलं, आता ही बाई प्लास्टरसकट उठून मला मारणार. ती शेंगा सोलत होती, तशीच सोलत राहिली. म्हणाली, "माहीत आहे."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"राजीनामा दिल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पोरीला कडेवर घेऊन मी तिथे गेले होते. लख्ख उजेड होता. बाईने हिला केळं सोलून दिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"राजीनामा देऊन झाला होता. आणि तुम्ही दारात येईल त्याला सांगत होतात, मी खोटी सही कधी केली नाही म्हणून. कुठे तोंड घालू त्यात?"

मग म्हणाली, "पोरीचं तरी तसं होऊ देऊ नका."

मी आज जेवलो नाही. आईने आग्रहही केला नाही. ठीकच आहे.

बाबा


शुक्रवार, २४ मे

बाळ,

तू आईला फक्त "पत्र मिळालं" म्हणालीस. बरं.

मी ताईंकडे जाऊन सगळं सांगितलं. तुमचं पाळणाघर मी लेखी नापास केलं होतं, उजेड बेताचा लिहिलं, तुम्हाला उद्धट म्हटलं. त्या खवळल्या. म्हणाल्या, "उद्धट म्हणा, चालेल. माझ्या घरात उजेड नाही?" मला हाताला धरून चारी खिडक्या दाखवल्या, एकेक उघडून आणि लावून. बारा मुलं आमच्या मागून या खिडकीकडून त्या खिडकीकडे. मी प्रत्येक खिडकीशी "आहे, आहे, उजेड आहे" म्हणत होतो आणि मुलंही ओरडत होती, "आहे, आहे!"

मग म्हणाल्या, "एक जागा शिल्लक आहे, त्यासाठी दुसरं एक कुटुंब बुधवारी येतंय. तुमचं चांगलं म्हटलेलंही मला नको आजोबा. पोरीच्या आईला पाठवा. तिने दिवसभर खाली बसावं, तिने ठरवावं. मंगळवारपर्यंत."

तेव्हा मी तुला पास म्हणत नाही, नापासही म्हणत नाही. खडू खिशातून काढून ठेवलाय. तू ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. नाही आवडलं तर परत जा, मी एक शब्द बोलणार नाही. आई म्हणते, "एक शब्द?" बरं, एखाददुसरा.

पत्र टाकायला निघालो तेवढ्यात तुझा फोन आला, आईने घेतला आणि तुला ताईंची अट सांगितली. "रविवारी सकाळच्या गाडीने येते, सोमवारी तिथे बसते." एवढंच बोललीस. पत्र तरी टाकतोच, लिहून झालंय.

बाबा


सोमवार, ३ जून

बाळ,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुझ्या उशाशी ठेवतो. तू आठ दिवस घरात आहेस, माझ्याशी कामापुरतं बोलतेस. मीठ द्या, दार लावा, तिला मांडीवर घ्या. 'मांडीवर घ्या' म्हणालीस तेव्हा मी मीठ सांडलं, ते तू पाहिलंस. बाकीचं तोंडाने मला जमत नाही, म्हणून पुन्हा कागद.

तू पाळणाघरात सात तास खाली बसलीस. परत आल्यावर मी शब्द पाळला, एकही प्रश्न केला नाही. तू आईला म्हणालीस, "झोपायच्या खोलीत उकडतं, पण ठेवते." त्यावर आई म्हणाली, तिचं प्लास्टर निघालंय, ताईंना दुपारी गोष्टी सांगायला माणूस हवंय, ती दोन तास जाणार आहे. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

आज तुझा पहिला दिवस. सकाळी तू गट्टूला सोडलंस आणि कोपऱ्यापर्यंत न वळता गेलीस. मी मागून येत होतो ते तुला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावर थांबून तू डोळे पुसलेस. मीही पुसत होतो. गट्टू तेवढी रडत नव्हती.

साडेतीनला तुझा फोन आला, प्रयोगशाळेत नमुने वाढलेत, उशीर होईल. आईने पाय जमिनीवर ठेवून बघितला, सूज होती. म्हणाली, "तुम्ही जा." मी चपला घातल्या आणि दारातच थांबलो. ताईंकडे एक वही आहे. मुलाला घरी नेणाऱ्यांची नावं त्याच्या आईने त्यात लिहून द्यायची, फक्त तीन. त्या तिघांशिवाय मूल कुणाच्याही हाती देत नाहीत. तू ती वही गुरुवारी भरलीस हे मला माहीत होतं. त्यात कोण कोण आहे ते विचारायची छाती झाली नव्हती. सबंध रस्ता वाटत होतं, ताई 'नाही' म्हणाल्या तर बारा मुलांसमोर मी तोंड कसं दाखवू?

ताई दारात उभ्या होत्या. आठवडाभर माझ्याबरोबर जमिनीवर बसलेली बाई, पण आज अनोळखी असल्यासारखी म्हणाली, "थांबा, वही बघते." मी थांबलो. आयुष्यभर लोक माझ्यासमोर असे थांबायचे, गाडी सुटणार की अडकणार म्हणून. ते थांबणं काय असतं ते आज कळलं.

त्यांनी बोट फिरवलं. पहिलं नाव तुझं. दुसरं आईचं. मग त्यांनी वही माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "तिसरं तुम्हीच वाचा."

माझं पूर्ण नाव, तुझ्या अक्षरात. पुढे 'नातं' लिहायच्या जागी तू आधी 'बाबा' लिहिलंस, मग ते तिचं नातं लिहायचं आहे हे लक्षात येऊन खोडलंस आणि 'आजोबा' केलंस. खोडलेलं स्पष्ट दिसतंय.

गट्टूने माझं बोट धरलं आणि आम्ही घरी आलो. दूध प्यायली आहे. साय काढून दिली.

बाबा